पाटीवरचा चौदावा दोष

केशवअण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात माईक होता. लासलगावच्या अलीकडे आमचं मैदान आहे. महिन्यातून एकदा तिथे जुनी शेती अवजारं लिलावाला येतात, आणि पुकारा मी करतो. त्या दिवशी एका रोटाव्हेटरची बोली रंगात आली होती. खिशातला फोन थांबेना, म्हणून उचलला. अण्णांचा मुलगा होता. "काका, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच..." मी ओरडलो, "काय? अण्णा गेले?" माईक चालू होता, त्यामुळे ही बातमी मैदानासकट रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपालाही कळली.  मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "भाऊसाहेब, मंग रोटाव्हेटर कोनावर सोडला?" मला संताप आला, आणि लगेच लक्षात आलं की अण्णा असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. बोली अर्धी टाकून पुकारणाऱ्याने मैदान सोडायचं नाही, हा त्यांचाच नियम. मी डोळे पुसले, तीन वेळा पुकारलं, रोटाव्हेटर सोडला आणि मगच निघालो. वाटेत एकच गोष्ट टोचत राहिली. चार महिने झाले, आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आणि कारण मी होतो.

अण्णा द्राक्षबागायतदार. मैदानावर त्यांना कसलंही पद नव्हतं, पण फाटकाजवळ लोखंडी खुर्ची टाकून ते बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक यंत्राची अशी चौकशी करायचे की सोयरीक जुळवायला आल्यासारखं वाटावं. कागद कुठेत? पाना, जॅक, पिना बरोबर आणल्या का? टाकीत घेणारा घरी पोचेल एवढं डिझेल आहे का? यंत्र धुऊन आणायचं, पण रंग द्यायचा नाही, यावर तर त्यांचा फार कटाक्ष. "साबन लाव, पावडर नको," असं ते म्हणायचे. एकदा एकाने मळणी यंत्राला निळा रंग मारून आणला आणि जुनाच रंग आहे म्हणून शपथ घेतली.  अण्णा पांढऱ्या सदऱ्यानिशी जाऊन यंत्राला टेकून उभे राहिले, पाच मिनिटं ऊनपावसाच्या गप्पा मारल्या, आणि मग दिवसभर निळी पाठ सगळ्यांना दाखवत फिरले. वहिनींनी त्या सदऱ्यावरून त्यांना काय ऐकवलं ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा छळवाद म्हणजे पाटी. पत्र्याची काळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने यंत्राचे दोष, आणि ती तारेने यंत्रालाच बांधायची. खडू चालायचा नाही, खडू पुसता येतो. 'दुसरा गिअर अडतो. डावा ब्रेक मनाला येईल तेव्हा लागतो.' मी माईकवर यंत्राची तारीफ करून घसा कोरडा करावा आणि गिऱ्हाइकाने शांतपणे पाटी वाचून पुढे निघून जावं! मी चिडून म्हणायचो, "अण्णा, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही." ते म्हणायचे, "भाऊसाहेब, तू गोड बोल की. मी कुठं नाय म्हनतो? पन घेनाऱ्यानं घरी जाऊन आपल्याला शिव्या देऊ नये, एवढंच बघतो." गंमत अशी की वर्षा-दोन वर्षांत वारं फिरलं. पाटी नसलेल्या यंत्राजवळ कुणी फिरकेना. मग विकणाऱ्यांत दोष लिहिण्याची चढाओढ लागली. एका शहाण्याने प्रामाणिक दिसण्यासाठी नसलेले दोषही लिहून आणले. त्यातला एक होता, 'हॉर्न वाजत नाही.' अण्णांनी हॉर्न दाबला, तर अर्धं मैदान दचकलं. "खोटा दोष लिहिनं हे बी खोटंच," म्हणून त्यांनी त्याला सगळी पाटी पुन्हा रंगवायला लावली.

आणखी एक नियम होता, सगळ्यात कडक. ज्याचं यंत्र त्याने बोली लावायची नाही. भाव वाढवायलाही नाही, माया आली म्हणूनही नाही. यंत्र सुटेपर्यंत मालकाने त्याच्याशेजारी गप्प उभं राहायचं, चहालासुद्धा जायचं नाही. सुटलं की घेणाऱ्याच्या हातात किल्ली द्यायची, त्याच्यासाठी नारळ फोडायचा आणि मागे न बघता निघायचं. कितीतरी जणांना अण्णांनी असं हाताला धरून फाटकाबाहेर नेलं होतं.

मग त्यांचे गुडघे गेले. मुलाचं शहरात स्पेअर पार्टचं दुकान, त्याला शेतीत रस नाही. बाग वाट्याने दिली आणि अण्णांनी आपला ट्रॅक्टर लिलावाला आणला. धुतलेला, टाकी काठोकाठ भरलेली, स्टिअरिंगला पाटी. पाटीवर तेरा दोष! मैदानावरचा उच्चांक. तेरावा होता, 'उतारावर गुणगुणतो. घाबरू नये.' अण्णा ट्रॅक्टरशेजारी ताठ उभे होते. मी जीव तोडून पुकारत होतो. नांदगावकडच्या शिवाजी नावाच्या शेतकऱ्याची बोली सगळ्यात वर होती. "एक वार... दोन वार..." इतक्यात डावीकडून एक हात वर झाला. सवयीने मी बोली घेतली, नवा आकडा पुकारला, आणि मग वळून बघितलं. हात अण्णांचा होता.

 मी माईकवरच म्हणालो, "बोली रद्द. मालकाला बोली लावता येत नाही."

अण्णा म्हणाले, "मी मालक म्हनून नाय लावली. गिऱ्हाईक म्हनून लावली."

लोक हसायला लागले. मला अजून वाटतं, तेव्हा माईक बाजूला ठेवून मी खाली उतरायला हवं होतं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. पण इतक्या वर्षांचा पाटीचा राग कुठेतरी साचलेला असणार. मी माईकवरूनच म्हणालो, "अण्णा, नियम तुमचाच हाय." लोक आणखी हसले. अण्णांचा हात खाली आला. ते ट्रॅक्टर सोडून चालत चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मी ट्रॅक्टर शिवाजीवर सोडला. किल्ली मी दिली, नारळही मीच फोडला.

पुढच्या महिन्यापासून फाटकाजवळची खुर्ची रिकामी. वाटायचं, जाऊन यावं. मग वाटायचं, मी का जाऊ? चूक त्यांची, नियम त्यांचा. असं करत चार महिने घालवले. घर तसं जवळच, पण माझा ताठा आडवा आला. शेवटी गेलो ते थेट तिरडीपुढे. वहिनींना विचारायचं होतं, अण्णा माझ्यावर रागावूनच गेले का? पण तसं विचारायला तोंड कुठलं...

तेराव्याला अंगणात बसलो होतो, तर बाहेरून ओळखीचा आवाज आला. गल्लीच्या उतारावरून अण्णांचा ट्रॅक्टर गुणगुणत येत होता. वहिनी हातातलं ताट तसंच धरून दारात आल्या. शिवाजी नांदगावहून ट्रॅक्टर घेऊनच आला होता. उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पाटी वाचली का तुम्ही?" मी म्हणालो, तेरा दोष मला तोंडपाठ आहेत. तो म्हणाला, "आता चौदा हायेत. दोन महिन्यांमागं अन्ना एसटीनं आले माझ्याकडं. खिशात रंगाची डबी न् ब्रश. म्हनले, एक दोष सांगायचा राहून गेला, घेनाऱ्याला फसवल्यासारखं झालं."

मी जवळ गेलो. अक्षर थरथरलं होतं, पण अण्णांचंच. 'चौदा. यात जुन्या मालकाचा जीव अडकला आहे. भर लिलावात त्याने बोली लावली. भाऊसाहेबांनी रद्द केली, बरोबर केलं.'

मी ट्रॅक्टरच्या चाकाला धरून रडलो. तेराव्याला आलेली माणसं बघत होती, बघू दे म्हटलं. नंतर शिवाजीला विनवलं, ही पाटी मला दे. त्याने मान हलवली. "पाटी यंत्रासंगच राहती, भाऊसाहेब. अन्नांचा नियम हाय."  वहिनींना आमचं ऐकू गेलं होतं. त्यांनी आतून ती रंगाची डबी आणि ब्रश आणून माझ्या हातात दिला.

या महिन्यात लिलाव पुकारला तेव्हा फाटकाजवळची खुर्ची तिथेच ठेवली होती. आणि पुकाऱ्याच्या टेबलाला मी एक काळी पाटी बांधली होती. त्यावर लिहिलं, 'पुकारणारा घाईत असतो. समोर कोण आहे हे आधी बघत नाही. रुसला की भेटायला जात नाही. बाकी आवाज चांगला.' लोक वाचून हसले, मीही हसलो. मग रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली आणि आठवलं, पाटीवर फक्त दोष लिहायचे असतात. रॉकेलचा बोळा घेतला आणि शेवटची ओळ पुसून टाकली.