महालक्ष्म्यांच्या आधीच्या गोळ्या

गेल्या वर्षी महालक्ष्म्या तोंडावर आल्या तेव्हा माझी पाळी चार महिने आली नव्हती. पीसीओएस हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, "हिचं ते" म्हणतात. चेरीतालला राहणारी काकू आईला फोनवर विचारते, "हिच्या त्याचं काय झालं?" आणि मी समोर बसून ऐकते. हनुवटीवरचे केस, वाढलेलं वजन, उगाच येणारं रडू, सगळं त्या "ते"मध्येच.

नेपियर टाउनच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. "ये खत्म होने के बाद हफ्ते भर में आ जाएगा, बेटा." मला हायसं वाटलं. ऑटोत आईनं बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहरा पडला. नेमके महालक्ष्म्यांचेच दिवस. आमच्याकडे सोवळं कडक. पाळी आलेल्या बाईनं आतल्या खोलीत बसायचं, कशाला हात लावायचा नाही.

संध्याकाळी काकू आली. "त्याच गोळ्या चालू ठेव न. मेडिकलवाले भैया म्हणाले, घेत राहिलं की येत नाही."

"काकू, यावी म्हणूनच घेतेय मी."

"चार महिने थांबली न? अजून चार दिवसांनी काय होते? सोळा भाज्या काय मी एकटी चिरू?" मग आईकडे वळून, "तू काहून बोलून नाही राहिली?"

डॉक्टरांपुढे माझी सगळी उत्तरं आईच देते. इथं मात्र तिनं काकूनं आणलेली गोळ्यांची नवी पट्टी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "बघ बाई, तुझं तू."

मराठीत भांडायला मला शब्द सापडत नाहीत, आणि इंग्रजीत भांडलं की काकू हसते. मी पट्टी उचलली आणि कपाटात टाकून दिली. डॉक्टरबाईंच्या गोळ्या संपवल्या, या पट्टीतली एकही घेतली नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळीच पोटात दुखू लागलं. आईला सांगितलं.

"आली?" तिनं माझा हात घट्ट धरला. मग तिची नजर चुलीवरच्या पुरणाकडे गेली. "आजच?"

गोळ्यांचं तिनं विचारलं नाही.

दुपारभर मी आतल्या खोलीत होते. बाहेर येणारी प्रत्येक बाई माझी चौकशी करत होती आणि काकू प्रत्येकीला सांगत होती, "तिची तब्येत बरी नाही न." चार महिन्यांत पहिल्यांदा माझी तब्येत बरी होती, आणि हे बाहेर जाऊन सांगायची मला सोय नव्हती.