अण्णांच्या पायाचं माप

आक्काताई पुन्हा खाली बसल्या होत्या. बेल्ट चालूच होता, आणि त्यांच्या वाटणीचे बेदाणे काड्यांसकट पुढे निघून गेले होते.

सुपरवायझर माने माझ्या केबिनच्या दारात आले. माने फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. दारात उभे राहतानाही टाचा जुळवतात.

"मॅडम, आक्का सकाळपास्नं तिसऱ्यांदा बसली. लॉट परत फिरवाय लागला. पुढल्या शनवारपतूर सुधारणा न्हाई झाली तर तिच्या जागी दुसरी बाई घेतो, असं अण्णांस्नी सांगितलंय."

"अण्णा काय म्हणाले?"

"मॅडमना विचारा म्हनले."

पलूसजवळ आमचं बेदाण्याचं युनिट आहे. अण्णा मालक, मी मॅनेजर. भरती, रजा, ऑडिट, पाण्याची टाकी आणि ज्याला दुसरं कुणी नाही ते सगळं माझ्याकडे. शेतकऱ्यांकडून आलेला बेदाणा धुऊन, वाळवून बेल्टवर येतो. बेल्ट म्हणजे सरकता पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात आणि काड्या, काळे दाणे, खडे उचलून टाकतात. पूर्ण शिफ्ट उभ्यानं. स्टूल देऊन पाहिले होते. बसलं की हात पट्ट्याच्या निम्म्यापर्यंतच पोचतो आणि उरलेल्या निम्म्यातला खडा गिऱ्हाइकाच्या दाताखाली जातो.

आक्काताई या बेल्टवरच्या सगळ्यांत जुन्या. त्यांचा हात मशीनपेक्षा सरस आहे, हे मशीन विकायला आलेल्या माणसानेही कबूल केलं होतं. त्यांच्या घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार एवढा एकच. ऊस पैसे देतो, पण कारखान्याच्या सवडीने. म्हणजे त्यांची जागा गेली असती तर घराचं वेळापत्रकच गेलं असतं.

मी त्यांना आत बोलावलं.

"टाचंत खिळा मारल्यागत हुतंय. सकाळी उठलं की पयली पावलं भिताडाला धरून टाकतीया."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"सांगलीला जाऊन आलो की. म्हनला, टनक फरशीवर अनवानी उभं ऱ्हाऊ नका."

"मग?"

"म्हनलं बरं." आणि त्या परत बेल्टवर जाऊन अनवाणी उभ्या राहिल्या.

अनवाणी सगळ्याच होत्या. हॉलच्या दाराबाहेर चपलांची रांग असायची, आणि आत सिमेंटचा कोबा. मी आधी शिरवळला औषधाच्या कंपनीत होते. तिथे बुटाशिवाय कुणाला आत सोडत नसत, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी असा निष्कर्ष काढला की बायकांना योग्य बूट मिळालेला नाही. तो शोधणं हे माझं काम. मी मुद्दे लिहून काढले आणि कामाला लागले.

मान्यांनी लगेच मत दिलं. "फौजेतला बूट द्या, मॅडम. पंधरा वर्सं घातला. काय झालं मला?"

त्यांना काय झालंय ते जिना चढताना दिसतं. तरी मी सेफ्टी शूजची एक जोडी मागवली. पुढे लोखंडी टोपी असलेला बूट. जड वस्तू पायावर पडण्याची शक्यता असेल तिथे तो हवाच. आमच्याकडे पायावर पडला तर बेदाणा पडतो. आक्काताईंनी दुपारी, अण्णा हॉलमध्ये यायच्या आत, काढून परत केला. "जड हाय वो मॅडम."

मग मऊ स्पंजच्या सँडल. हातात धरल्या तर उशीसारख्या, पण अंगठ्याने दाबलं की तळ आत जायचा आणि तिथेच राहायचा. उभ्याच्या कामाला हे चालत नाही. पाय तळात रुततो आणि टाचेला आधार उरत नाही. शिवाय अण्णा बाहेरगावी होते त्या दिवशी बायकांनी घालून पाहिल्या, तर खालच्या खोल खाचांत बेदाणे जाऊन बसले. संध्याकाळी एकेका सँडलमधून चहाच्या चमच्याने काढावे लागले.

तिसऱ्या वेळी मी स्वतः सांगलीत दुकानोदुकानी फिरले, तेही संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो, माप तेव्हाच घ्यायचं. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाचेमागचा भाग दाबून पाहायचा, तो दबता कामा नये. बूट वाकवायचा. बोटांपाशी वाकला तर घ्यायचा, मधोमध वाकला तर दुकानदाराला परत द्यायचा. शेवटी पांढऱ्या कापडाचा, हलका, उथळ खाचांचा रबरी तळ असलेला बूट मिळाला. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या बायकांची मापं घेतली, जोड्या मागवून वाटल्या, वर सुती मोजे दिले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेले. सगळ्या अनवाणी. बूट बेल्टखाली ओळीने ठेवलेले, मोजे आत नीट घडी करून.

"का हो?"

"चावतोय," एक म्हणाली.

"गरम हुतंय," दुसरी म्हणाली.

आक्काताई काड्या वेचत राहिल्या.

माने मागून म्हणाले, "मॅडम, शनवारी मला अण्णांस्नी उत्तर द्यायचं हाय."

बुधवारी अण्णा सौद्याला सांगलीला गेले. सौदा म्हणजे बेदाण्याचा लिलाव. दर बोलून माल विकतात. मी वजनकाट्याचं काहीतरी बघायला हॉलमध्ये गेले आणि थांबले. सगळ्यांच्या पायांत बूट होते. आक्काताई सरळ उभ्या होत्या आणि शेजारणीला सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. बूट कुणाला चावत नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी अण्णांच्या जीपचा हॉर्न वाजला. सौदा लवकर उरकला असावा. बेल्टवरचे हात थांबले नाहीत. खाली मात्र सगळ्या पायांतले बूट टाचेला टाच लावून निघाले आणि बेल्टखाली सरकले. फौजेत इतकी शिस्त असती तर माने रिटायर झाले नसते.

अण्णा दाराशी आले. रोजच्यासारख्या चपला बाहेर काढल्या, बेल्टला हात लावून नमस्कार केला आणि अनवाणी आत आले. हे मी रोज बघत होते. फक्त त्यांच्या पायांकडे बघत नव्हते.

ते गेल्यावर मी आक्काताईंना विचारलं.

"आता काय सांगायचं मॅडम. मालक अनवानी हिंडतोय, आन आमी बूट घालून उभं ऱ्हायचं? बरं दिसतंय व्हय?"

"मग चावतो कशाला म्हणालात?"

"तुमी एवढ्या हिंडून आनला. उगा नको कशाला म्हनायचं?"

मी बुटाचं एक खोकं उचललं आणि तशीच अण्णांच्या खोलीत गेले.

"अण्णा, बायका तुमच्यामुळे अनवाणी उभ्या राहतात."

"मी कुनाला चपला काढा म्हटलंय?"

"नाही. तुम्ही स्वतः काढता."

"अन्न हाय ते, मॅडम. आमच्या वडलांपास्नं ह्या हॉलात कुनी पायतान घालून गेलं न्हाई. रस्त्यावरचं पायतान अन्नाजवळ न्यायचं व्हय?"

"हे बूट रस्त्यावर गेलेलेच नाहीत. आत राहतील, आतच धुतले जातील. बाहेरच्या चपला बाहेरच. अनवाणी पायाला अंगणातली माती लागते अण्णा, ह्यांना तीही लागत नाही."

त्यांनी खोक्यातला बूट उलटा करून तळ पाहिला. मग कापड नखाने खरवडलं.

"चामडं?"

"कुठेही नाही. धाग्याएवढंसुद्धा."

"अन् मी न्हाई घातला तर?"

"तर शनिवारी आक्काताई घरी. दुसरी बाई येईल, तीही अनवाणी उभी राहील. तिची टाच गेली की तिसरी शोधू."

अण्णांनी बूट आपल्या पायाशेजारी धरून पाहिला. आक्काताईंना अण्णांच्याच वडलांनी कामावर घेतलं होतं.

"माझं माप काय असंल?" ते म्हणाले.

"आता नाही सांगता येणार. संध्याकाळी घेऊ."

सात नंबर, असं ते खात्रीने सांगत होते. माप आठ निघालं. आयुष्यभर त्यांची टाच चपलेच्या मागे बोटभर बाहेर होती, आणि चपला अशाच असतात अशी त्यांची समजूत होती.

गुरुवारी सकाळी अण्णांनी दाराबाहेर चपला काढल्या, पाय धुऊन पुसले, आतल्या बाकावर बसून बूट घातले आणि बेल्टला नमस्कार केला. कुणीही वर बघत नव्हतं आणि सगळ्या बघत होत्या. अण्णा बेल्टच्या या टोकापासून त्या टोकाकडे चालत निघाले. नवा रबर दर पावलाला आवाज करत होता.

आक्काताईंच्या समोर आल्यावर त्या हात न थांबवता म्हणाल्या, "आवं अण्णा, डावा उजव्यात घातलाय."

"मला वाटलं, नवीन हाय म्हनून असं हुतंय," अण्णा म्हणाले आणि तिथेच खडे टाकायच्या डब्याला टेकून बूट बदलायला लागले. त्यांचं होईपर्यंत बायकांनी आपापले बूट बेल्टखालून ओढून घेतले होते.

शनिवारी माने अण्णांकडे गेले ते हजेरी घेऊन. त्यात एकही नाव बदललं नव्हतं. आक्काताईंची टाच लगेच बरी झाली नाही. टाचेचं दुखणं सावकाश जातं. पण बसणं कमी झालं, मग थांबलं. आता त्यांचा पहिला जोड झिजला आहे आणि त्या दुसऱ्याबद्दल तक्रार करतात की पहिला बरा होता.

अण्णांचा गुडघा बरीच वर्षं दुखायचा, तोही थांबला. सौद्यात ते व्यापाऱ्यांना सांगतात, बूट कधीही संध्याकाळी घ्यावा. हे कुणी सांगितलं, ते सांगत नाहीत.

माझ्या मुद्द्यांच्या कागदावर टाच, तळ, खाचा, मोजे सगळं होतं. आता त्यात वर एक ओळ घातली आहे. मापं घ्यायला मालकापासून सुरुवात करावी.