ताम्हनाबाहेरचं पाणी

आमच्या भांडुपच्या घरात, हॉलच्या खिडकीशी, वीतभर उंचीचा वड आहे. बाबांनी तो विकत आणला नव्हता. इमारतीच्या मागच्या भिंतीत, सांडपाण्याच्या पाइपाशेजारी तो आपोआप उगवला होता. सोसायटीने भिंत दुरुस्तीला काढली तेव्हा बाबांनी तो मुळासकट सोडवून आणला आणि पसरट कुंडीत लावला. छाटणी ते करायचे. बाकी सगळं आई बघायची. मातीत बोट खुपसून ओल पाहायची, वर कोरडं लागलं तरच पाणी घालायची. एसी लावला की कुंडी उचलून लांब ठेवायची. दर काही दिवसांनी कुंडी फिरवायची, कारण झाड उजेडाकडे कलतं. मी एकदा हसलो तर म्हणाली, “एकाच कुशीर निजयलंस तर पोराचा डोक्या चपटा जाता. तुझा बघ.”

वटपौर्णिमेला इमारतीतल्या बायका आमच्याकडे यायच्या. खरा वड मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि बाजारात तोडून विकायला ठेवलेल्या फांद्या पुजणं माझ्या बायकोला पटत नाही. आमच्या वडाभोवती फेऱ्या मारायला जागा नाही, म्हणून बायका जागच्या जागी स्वतःभोवती फिरायच्या आणि हसायच्या. आई ताम्हन घेऊन कुंडीला खेटून उभी राहायची. पाणी, दूध, हळद-कुंकू, जे काही वाहायचं ते ताम्हनात. कुणाचा हात कुंडीकडे वळला की म्हणायची, “गो बाय, देवाक पोचला. झाडाक बुडव नको.” संध्याकाळी खोडाचं सूत ती स्वतः सोडवून घ्यायची.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वटपौर्णिमेची ही गोष्ट.

त्या सकाळी आईने ताम्हन घासून ठेवलं होतं. बायका जमल्या, आणि ती नेहमीसारखी ते घेऊन हॉलमध्ये आली. साधी साडी, मोकळं कपाळ. मला एकदम भीती वाटली की आता कुणीतरी काहीतरी बोलेल आणि तिला लागेल. म्हणून कुणी बोलायच्या आधी मीच बोललो.

“आई, तू जरा आत बस ना.”

आई थांबली. ताम्हन तिने टीपॉयवर ठेवलं, आवाज न करता, आणि आत गेली. बायकांपैकी कुणी त्याआधी काही बोललं नव्हतं. कुणाच्या मनात तरी होतं की नाही, मला आजही माहीत नाही. माझ्या मात्र होतं. आईला जपतोय असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर चार लोकांत मलाच अवघडल्यासारखं झालं असतं.

पूजा झाली. मी तिथेच उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येकीने आपला तांब्या कुंडीतच ओतला. ताम्हन टीपॉयवर कोरडंच राहिलं. बायका गेल्यावर बायको माझ्याकडे वळली.

“तुला कुणी सांगितलं होतं रे मध्ये बोलायला? आईंना मीच पुढे बोलावणार होते.”

“अगं, कुणी काही बोललं असतं तर...”

“तर मी बघून घेतलं असतं ना! तू कशाला बोललास?”

सूत तसंच खोडावर राहिलं. दुधाला मुंग्या लागल्या. काही दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, सुकतंय. मी रोज पाणी घालू लागलो. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची, पण बाहेर यायची नाही. एवढी वर्षं ज्या कुंडीवर ती माशीही बसू देत नव्हती, तिच्याजवळून ती आता अंग चोरून जायची. पानं टपटप गळायला लागली तेव्हा मी विचारलं, “आई, बघतेस का जरा?”

“माका कित्याक विचारतंस? आता तां पूजेचा झाड. माझो हात नको.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. पायाही पडलो नंतर. “उठ रे,” म्हणाली, “माझ्या मनात काय नाय.” पण कुंडीला तिने हात लावला नाही.

शेवटी मीच झाड कुंडीतून काढलं. खालची मुळं काळी आणि मऊ पडली होती, कुबट वास येत होता. कात्रीने ती कापली, ओली माती टाकून दिली, वाळू मिसळलेली भुसभुशीत माती भरली. आई दारातूनच म्हणाली, “आता पाण्याचो हात आखडतो घे.” तेवढंच. नवी पालवी यायला बराच काळ गेला. वड जगला, पण एका बाजूने विरळच राहिला. बाबांनी जपलेली एक फांदी गेली ती गेलीच.

यंदाच्या वटपौर्णिमेला आम्ही कुणाला बोलावलं नाही. बायको हात जोडून ऑफिसला गेली. मी माळ्यावरून ताम्हन काढलं आणि आईसमोर धरलं. बोलायचं खूप ठरवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, “आई, बाहेर चल ना.”

तिने ताम्हन हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला परत दिलं.

“काळा पडला. चिंच लावून घास.”

मी घासलं. चकचकीत करून कुंडीशेजारी नेऊन ठेवलं आणि वाट बघत उभा राहिलो. ती दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबली.

“कुंडी फिरवलंस काय?”

“नाही.”

“मगे फिरव.”

मी फिरवली. विरळ बाजू उजेडाकडे आली. मागे वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं, आत भांड्यांचा आवाज येत होता.