रुखवतातलं पिठलं

विहिणीनं रुखवतावरचं कापड उचललं, तेव्हा खाली पापड नव्हते. पिठलं होतं.

दोनशे उडदाचे पापड, दीडशे मुगाचे आणि एक महिना राबून केलेल्या कुरड्या आमच्यासमोर कॅरेटच्या भोकांतून ठिबकत होत्या. सेलूच्या मंगल कार्यालयातल्या सगळ्या बाया माना वाकवून बघत होत्या. नवऱ्या मुलाची आत्या पुढे आली, बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, “ईनबाई, हे वाढाचं व्हय का सारवाचं?”

माझी सुमी हिरवा चुडा भरून समोर बसली होती. तिला आता या बायांमध्ये जन्म काढायचा होता, आणि पहिल्याच दिवशी आईनं तिच्या नावानं चिखल आणून ठेवला होता!

झालं असं, की आम्ही पवनारचे माळवंवाले. वांगी, भेंडी, सांबार (पुण्यामुंबईकडचे त्याला कोथिंबीर म्हणतात). आमच्याकडे कॅरेट मेटॅडोरमध्ये चढलं की वर बारदान टाकायचं आणि गडव्यानं, म्हणजे तांब्यानं, पाणी मारायचं. वर्षानुवर्षं तेच. लग्नाला सेलूला जायचंच होतं, बाजारही तिथंच, मग वांग्यांचे कॅरेट आणि रुखवताचे कॅरेट एकाच गाडीत घातले. रिकाम्या जागेची गाडी आमच्या घरातून कधी निघाली नाही. कोणीतरी सवयीनं सगळ्याच कॅरेटवर पाणी मारलं. वरून चैत्राचं ऊन, कार्यालयाच्या दारात दोन तास गाडी उभी. वांगी मात्र अगदी टवटवीत पोचली.

“कोणं केलं हे?” विहिणीनं विचारलं.

“ह्याहीनं!” मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. क्षणाचाही विचार केला नाही.

“मी? मी तं गाडीपाशी नव्हतोच वं!”

“नव्हते कसे? खांद्यावर लाल पंचा, हातात गडवा. म्या या डोयानं पाह्यलं!”

आणि खरंच मला ते दिसत होतं. नंतरची अकरा वर्षं तर अधिकच स्पष्ट दिसत गेलं. मी ही गोष्ट प्रत्येक लग्नात, बारशात आणि दोनतीनदा मयतीतही सांगितली. आधी यांच्या हातात गडवा होता. तिसऱ्या वर्षी बादली झाली. पाचव्या वर्षी पाइप आला. अलीकडे तर माझ्या गोष्टीत हे विहिरीवरची मोटरच सुरू करत होते!

माझी जाऊ पुष्पा म्हणायची, “वयनी, त्या दिवशी पाणी आलतं ना आभायातून!” चैत्रात! (ती सकाळपासून रडत होती. तिला जगच ओलं दिसलं असेल.) सुमी वेगळंच सांगायची. “आई, माह्या लग्नातले वडे आठोते का? असे वडे मंग कधी खाल्ले नाई.” मी म्हणायची, “कायचे वडे? खोटं नोको बोलू. माही इज्जत गेली तिथं, वडे कुठून आले?”

सगळ्यांत मोठी कमाल यांची. चारपाच वर्षं नाही नाही म्हणाले, मग गप्प झाले, आणि एक दिवस स्वतःच लोकांना सांगू लागले, “चूक झाली बा माह्याकडून. पोरीच्या रुखवतावर पाणी मारलं म्या.” विहिणीची हात जोडून माफीही मागून आले. मला बरं वाटलं. माणूस सुधारतो.

यंदा जावयानं त्यांच्या लग्नाची जुनी शूटिंग पेन ड्राइव्हमध्ये भरून आणली आणि आमच्याच टीव्हीवर लावली. आधी आमचं अंगण आलं. नवरी निघायच्या आधी फोटोवाला फिरत होता. बाजेवर हे बसलेले, गालभर साबण, न्हावी दाढी करतोय. आभाळ कोरडं ठणठणीत. मागे मेटॅडोर. त्याच्या फाळक्यावर एक पाय ठेवून, नवं लुगडं खोचून, एक बाई गडव्यावर गडवा पाणी मारतेय आणि बोंबलतेय, “सगळं मलेच करा लागते या घरात!”

आवाजही स्वच्छ होता.

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, ते जास्त वाईट.

हे म्हणाले, “म्हंजे मी नव्हतोच?” चेहरा असा, जणू कोर्टातून सुटले! मग म्हणाले, “जावईबापू, जरा मांगं घ्या. डबल पाहू.” तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा चहा मागवून पाहिलं.

“बाई दुसरी असन कोणी,” मी म्हटलं.

“लुगडं तुहं, आवाज तुहा,” हे म्हणाले. “पंचा पण तुह्याच खांद्यावर हाय, पाह्य ना. लाल.”

पुढे कार्यालय आलं. विहीण हसत म्हणत होती, “ओलं झालं तं झालं, पीठच तं हाय!” आणि त्या लगद्यात बेसन, कांदा, मिरची, आमचाच सांबार घालून कढई चढवली होती. अख्खं वऱ्हाड वडे खात होतं. सुमी हसत होती. आत्या दुसऱ्यांदा वाढून घेत होती. आणि खांबाआड उभी राहून, डोळे पुसत, एक बाई वडा खात होती. मी मोजले. सहा.

“आठोते का आता?” सुमीनं विचारलं.

काही आठवत नाही. चव तर मुळीच नाही. पण सहा खाल्ले म्हणजे बरे झाले असणार.

त्या दिवसाला अकरा वर्षं मी एकटी रडत राहिले, बाकीच्यांचं ते लग्न होतं. त्यातले सगळे अजून आहेत: विहीण, आत्या, पुष्पा, सुमी, जावई, हे आणि मी. गेले ते फक्त पापड.