बंद लाईनवरचा मृत्यू

तो प्रकार अजून डोक्यातून गेलेला नाही. नोकरीतल्या पुष्कळ केसेस विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. ही एक मात्र चिकटून बसली आहे.

तेव्हा मी तुळजापूर तालुक्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा संपत आला असताना वादळ झालं आणि मुख्य वाहिनीचे लोखंडी मनोरे शेतांत आडवे झाले. धाराशिव शहर, अणदूर, तामलवाडीकडची गावं, सगळीकडची वीज गेली. पहिल्या दिवशी लोक मजेत होते. बाजा अंगणात टाकून गप्पा मारत बसले. मग मोबाईलची बॅटरी संपली, टॉवर बंद पडले, नळ कोरडे झाले आणि माणसं बदलली. रास्ता रोको सुरू झाले, उपकेंद्रांवर मोर्चे निघाले. वादळाला कोणी जाब विचारू शकत नाही, म्हणून समोर दिसेल त्या कर्मचाऱ्याला विचारतात. आमची सगळी फौज बंदोबस्तात अडकली होती. सुट्ट्या रद्द, जेवण जीपमध्ये.

अशातच एका दुपारी वायरलेसवर निरोप आला की उपकेंद्रावर जमाव प्रेत घेऊन आला आहे. मी पोचलो तोपर्यंत तिथल्या ऑपरेटरला लोकांनी चांगलाच चोपला होता. कंत्राटी नोकरी, लग्न नुकतंच झालेलं, अंगावरचा शर्ट फाटलेला. प्रेत होतं जवळच्या गावातल्या झिरो वायरमनचं. बाहेरच्या वाचकांना सांगतो, झिरो वायरमन म्हणजे कंपनीच्या कागदावर नसलेला, पण गावातला प्रत्येक खांब चढणारा माणूस. खऱ्या वायरमनकडे पाच-सहा गावं असतात, मग फ्यूज टाकायला, तार जोडायला गाव अशा माणसालाच हाक मारतं. हा ओढ्याकाठच्या खांबावर पलीकडच्या वस्तीकडे जाणारी तुटलेली तार जोडत होता आणि शॉक लागून खाली पडला. मयताच्या भावाने फिर्याद दिली, ऑपरेटरने न सांगता लाईन सोडली. त्याला आत्ताच्या आत्ता अटक करा, नाहीतर प्रेत उचलणार नाही, असं जमावाचं म्हणणं होतं.

मी ऑपरेटरला जीपमध्ये घातलं, ते अटक करायला नव्हे, त्याचा जीव वाचवायला. जमावाला मात्र वाटलं की अटक झाली, आणि मी तसं वाटू दिलं. प्रेत शवविच्छेदनाला गेलं. डॉक्टरांनी तळहातावरची जळल्याची खूण दाखवली. मृत्यू विजेच्या धक्क्यानेच होता.

ऑपरेटर ठाण्यात बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होता, "साहेब, माझ्याकडंच करंट न्हाय, तर म्या सोडू काय?"

खरं होतं. मनोरे आडवे पडलेले साऱ्या जिल्ह्याने पाहिले होते. उपकेंद्रातच वीज नव्हती, तर तारेत आली कुठून? हा साधा प्रश्न त्या जमावात कोणालाही पडला नाही, किंवा ज्यांना पडला ते गप्प राहिले. वरून मात्र दबाव येऊ लागला. परिस्थिती चिघळतेय, त्या पोराला अटक दाखवून मोकळे व्हा, असं मला फोनवर नाही, माणूस पाठवून सांगितलं गेलं. एकदा अटक दाखवली असती तर कंत्राटी माणसाची नोकरी त्याच दिवशी गेली असती आणि पुढची काही वर्षं कोर्टात.

मी गावात गेलो. घटनास्थळाचा पंचनामा केला, ओढ्याकाठच्या बाभळींत तो खांब चौकातून दिसतही नव्हता. जबाब घ्यायला बसलो तर सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. खोटं बोलणाऱ्या गावाची मला सवय होती. खोटं बोलताना माणूस जास्त बोलतो. हे गाव कमी बोलत होतं आणि बोलताना मयताच्या घराकडे बघत होतं.

खबर मिळाली, पण ती कुणी दिली म्हणून नाही. एका म्हातारीच्या ओसरीवर टेकलो. आमच्याकडे दारात शत्रू आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, तसा आला. मी घोटभर प्यालो. गावातल्या विहिरीचं मचूळ पाणी सकाळपासून पीत होतो, हे गोड लागलं. तसं म्हणालो, तर म्हातारी कौतुकाने म्हणाली, "प्या की. नळाचं हाय, हिरीचं न्हाय. जपून ठिवलंय."

नळाला पाणी कधी आलं होतं, मी विचारलं.

"ह्यो पोरगा गेला त्याच दिशी. दुपारी जराशीक आलतं, मंग बंदच झालं."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पदर तोंडाला लावून ती आत गेली, पुन्हा बाहेर आली नाही.

वीज नसताना टाकीत पाणी चढलं म्हणजे पंप चालला, आणि पंप चालला म्हणजे जनरेटर. गावात जनरेटर एकच, मंडपवाल्याचा. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस लग्नाला मंडप देई आणि मयताला सरण रचायलाही पुढे असे. त्याला ठाण्यात आणला. आधी म्हणाला, जनरेटर नादुरुस्त आहे. मी त्याला सांगितलं की तसं असेल तर मी तो आत्ता सुरू करून पाहतो. मग हळूहळू सगळं निघालं.

पंप होता ओढ्याकडे, जनरेटर चौकात. तेवढी लांब केबल कोणाकडे नव्हती. पण तारेवर आकडा टाकणं या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. वीज घ्यायला आकडा टाकतात, तसा यांनी वीज द्यायला टाकला. मयतानेच डीपीचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढून जनरेटर गावाच्या तारांवर जोडून दिला, म्हणजे चौकातली वीज तारेवरून पंपापर्यंत पोचे. त्या दुपारी त्याला तार जोडायची होती, म्हणून ठरलं की तो स्वतः येऊन सांगेपर्यंत जनरेटर सुरू करायचा नाही. फोन बंद होते, दुसरा उपाय नव्हता.

"मग सुरू का केलास?"

त्याने हात जोडले. "मला आत टाका साहेब. त्या पोराला सोडा. पन ह्ये इचारू नका."

मी विचारलंच. ऑपरेटर बाहेर बाकावर होता, त्याची बायको माहेरून येऊन ठाण्याच्या पायरीवर बसली होती. विचारणं भाग होतं.

शेवटी तो म्हणाला, "त्या गेलेल्या पोराची बायकू आली हुती घागर घिऊन. म्हनली, काका, लेकरं तहानल्यात, थोडा येळ चालू करा. मला वाटलं, घरचीच सांगतीया म्हंजे ह्यो खाली उतरला आसंल."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. नवरा उपकेंद्रावर जातो सांगून निघाला होता, वाटेत तुटलेली तार दिसली म्हणून मंडपवाल्याला सांगून तिकडे वळला. गावाला दुसऱ्याच तासाला सगळं कळलं आणि गावाने ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. त्यासाठी परक्या माणसाचा बळी गेला तरी चालेल, असं कोणी तोंडाने म्हणालं नसेल, पण चाललं असतं.

महिला अंमलदाराला घेऊन मी तिच्या घरी जबाबाला गेलो. शक्य तितक्या आडवळणाने विचारत होतो. ती ऐकत होती. मध्येच तिने मला थांबवलं.

"नळाला पानी आलं, तवाच का?"

मी हो म्हणालो. ती रडली नाही. ऑपरेटरबद्दल विचारलं, त्याला लई मारलं का म्हणून. मग सगळा जबाब सांगितला आणि खाली सही केली.

ऑपरेटर सुटला. त्याला मारणाऱ्यांपैकी एकही जण त्याला भेटायला गेला नाही आणि तो त्या उपकेंद्रावर पुन्हा कामाला आला नाही. मंडपवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. खटला उभा राहिला त्या दिवशी साक्षीदारांत मयताच्या बायकोचं नाव होतं. पण तिला पिंजऱ्यात उभं राहावं लागू नये म्हणून त्याने पहिल्याच पुकाऱ्याला गुन्हा कबूल केला. साक्षीची गरज उरली नाही. वकील, गावकरी, मी, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, झालं, आता बोलावं लागणार नाही. तुम्ही घरी जा.

ती उठली नाही. म्हणाली, "म्या सांगायलाच आले हुते साहेब. गावात कुनी माझ्यासमोर त्या दिवसाचं नाव काढीत न्हाय. म्या काढलं तर उठून जात्यात. इथं तरी कुनी इचारंल वाटलं हुतं."

चौकशी म्हणजे माणसाला बोलतं करणं, असं मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. न बोलणाऱ्याला बोलतं करायच्या युक्त्या मला पुष्कळ येत होत्या. ज्याला बोलायचं आहे त्याच्यासमोर नुसतं बसून राहायचं असतं, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे दुःखी माणसाला सांभाळायचं म्हणजे त्याच्यापुढे विषय काढायचा नाही, अशीच रीत आहे. तिला काय हवंय, हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

शिपाई जीप घेऊन आला होता. मी त्याला थांब म्हणालो आणि कोर्टाच्या आवारातल्या बाकावर तिच्या शेजारी बसलो. ती अगदी सकाळपासून सांगू लागली, त्याने जाताना चहा अर्धाच घेतला इथपासून.