सरीतली टिटवी

चैत्र शुद्ध सप्तमी, रविवार. दमणीचे, म्हणजे हलक्या बैलगाडीचे, जाऊन-येऊन भाडे एक रुपया. बसणारे दोघे, मी आणि माझी पत्नी, तिसरा हाकणारा.

अमरावतीहून मोर्शीच्या रस्त्याला सात मैलांवर एक सरकारी तलाव होता. नागपूरच्या हुकुमाने तिथे बंदुकीला मनाई होती, म्हणून पक्षी निर्धास्त असत. मी दरसाल त्यांची मोजदाद करी. माघात चक्रवाक एकतीस होते. आता चारच उरले होते. पाणी बरेच ओसरले होते आणि उघड्या पडलेल्या गाळात एका माळीणबाईने काकडी लावली होती. तिच्या वाफ्याच्या कडेला उभा राहून मी दुर्बिणीतून उथळ पाण्यातले लांब पायांचे शेकाटे मोजू लागलो. डोक्यावर एक टिटवी सारखी ओरडत होती. बैलांना पाहून ओरडत असेल, असे मी धरून चाललो.

"ओ भाऊ, तिकडे दूर काय पाहून राहिले? पायाखाले पाहा ना!" माळीणबाई ओरडली.

माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, सरीच्या मधोमध, मातीच्याच रंगाची चार अंडी होती. मी मागे सरलो. चव्वेचाळीसपर्यंत आलेली मोजणी चुकली.

बाई घागर घेऊन उभीच होती. घरट्याच्या पुढे अकरा वेल होते, आणि सरीत पाणी सोडले की अंडी बुडणार, म्हणून तिने दोन दिवस पाणी दिले नव्हते. वेलांनी माना टाकल्या होत्या. "आज पानी नाही देल्लं तं गेले समजा," ती म्हणाली.

"अंडी उचलून बांधावर ठेवली तर?" मी विचारले.

"अन् टिटवी येईन काय तिथं? तुमचं लेकरू उचलून शेजाऱ्याच्या घरी ठेवलं तं चालन काय तुमाले?"

माझी पत्नी हसली. मग सरीकडे निरखून पाहत म्हणाली, "माय, पाणी बाजूने वळवता नाही का येणार?"

"येईन ना. पन दोन वेल खंदून काढा लागतीन. फळावर आले आता. काहून उपटू मी?"

"त्या दोन वेलांचे आम्ही देतो," पत्नी म्हणाली. मला तिने विचारले नाही.

बाईने कुदळ घेतली. दोन्ही वेल निघाले, घरट्याभोवती वीतभर उंच मातीचा कठडा झाला, आणि पाणी वळसा घालून पुढच्या अकरा वेलांपर्यंत गेले. अंडी कोरडी राहिली. आम्ही दोघे आणि बाई दूर चिंचेखाली जाऊन बसलो. पंधरा मिनिटांनी टिटवी उतरली, दोनदा थबकली आणि अंड्यांवर बसली.

बाईने आठ आणे मागितले. मी उपटलेल्या वेलांवरच्या काकड्या मोजल्या. तेरा होत्या, त्याही बोटाएवढ्या. बाजारभावाने चार आण्यांच्या वर जात नाहीत, असे मी तिला सांगितले.

"फुलं कुठं मोजली तुमी?" ती म्हणाली.

फुले मोजली. बावीस भरली. माळीणबाईच्या हाती आठ आणे दिले.