मांदेलीचा गळ आणि तलासरीची फीत

मांदेलीने गळ गिळला तेव्हा मी सुकत घातलेले बोंबील उलटत होतो. मांदेली म्हणजे आमची कुत्री. मांदेली माशासारखाच पिवळा रंग, म्हणून नाव तेच पडलं. बांगड्याचा तुकडा लावलेला गळ कोणीतरी तसाच वाळूत टाकून गेलं होतं. कोण ते मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही, कारण उद्या त्याच्याच शेजारी मला जाळं विणायला बसायचं आहे. तिच्या तोंडातून गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, लोंबत होता आणि ती एकसारखी खोकत होती. सगळे म्हणाले, ओढा. मी कोणाला हात लावू दिला नाही.

डहाणूच्या डॉक्टरांनी तंगुसाचं टोक तिच्या पट्ट्याला बांधून दिलं, म्हणजे उरलेला तरी ती गिळणार नाही. म्हणाले, "काका, गळ किती खाली गेलाय ते एक्स-रेशिवाय कळणार नाही, आणि माझ्याकडे मशीन नाही. तलासरीला मुंबईच्या एका फाउंडेशनने कुत्र्यामांजरांचा दवाखाना बांधलाय. उद्याच सुरू होतोय, सगळं फुकट आहे. सकाळीच पोचा. जितका उशीर, तितका गळ खाली."

फुकट म्हटलं की मला आधी भीती वाटते. पण दुसरा उपाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मासळीची पाटी भरत होती. म्हणाली, "ह्या उन्हात कुत्रीपाठी तलासरी? स्वतःच्या बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली."

"कालची घेतली. आजची इथे डब्यात आहे."

असा मी निघालो. एक पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कुत्री. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. कुलूप लावलं, परत जाऊन बघितलं, मग आठवलं की बायको घरातच आहे.

कोणाला जनावर घेऊन या वाटेने जायचं असेल तर ऐका. डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर चारोटीच्या शेअर गाड्या लागतात. पहिल्या दोन ड्रायव्हरांनी मान हलवली. तिसरा म्हणाला, "काका, कूतरो नाय चाले, सीट खराब होते." मी म्हणालो, सीटवर मी बसतो, ती मांडीवर. तर म्हणे मग तिची पण सीट भरा. मांडीवर बसलेल्या कुत्रीचं पूर्ण भाडं मी दिलं. वाद घालायला वेळ असता तर घातला असता.

आशागड येईपर्यंत दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, सावली बरी. पुढे गंजाडकडे ऊन मोकळं होतं. रस्त्याच्या कडेला बायका ताडगोळे सोलत बसल्या होत्या. ताजे होते, हापूसवाल्यांपेक्षा इथे थांबा. मी थांबू शकलो नाही. गाडीत समोर बसलेल्या बाईंनी पाय वर घेतले आणि विचारलं, "चावते का ओ?"

"ती नाही. आज मी चावतो."

बाई हसल्या. मग तंगूस बघून त्यांनीच सांगितलं, "अरे देवा, खेचून काढा ना तो." चारोटीपर्यंत तिघांनी हाच सल्ला दिला. मी पट्ट्यावरची मूठ सोडली नाही, बोटांना मुंग्या आल्या.

चारोटी नाक्यावर गाडी बदलायची. नाक्यावरचा वडापाव गरम मिळतो, चटणी लाल आणि जहाल. मला गिळवला नाही. मांदेली घशाशी अडकलेल्या गळासकट माझ्या वडापावकडे बघत होती आणि मला खाताना लाज वाटली. हायवेवर काँक्रीटचं काम चालू होतं. ट्रकच्या मागे ट्रक, धूळ, हॉर्न. मुंबईहून चारोटीपर्यंत येणारी बाजू तर पार तुंबली होती. तिथून पुढे तलासरीला आम्ही रेंगाळत का होईना पोचलो. तलासरी नाक्यावर गुजरातची हवा लागते. फाफडा आहे, तळलेल्या मिरच्या आहेत, पाट्या दोन लिप्यांत आहेत. तिथून दवाखान्यापर्यंत रिक्षा.

दवाखाना बघून मला खरंच आनंद झाला होता, हे आधी लिहितो. नवी इमारत, लाद्या चकचकीत. भिंतीवर एका पांढऱ्या कुरळ्या कुत्र्याचं मोठं चित्र आणि खाली संगमरवरावर त्याचं नाव, प्रेमळ स्मरणार्थ. हसायचं कारण नाही. ज्याच्या त्याच्या माणसासारखं ज्याचं त्याचं जनावर. बाहेर मांडव होता, खुर्च्यांना साटिनचे बो बांधलेले, केळीचे खांब, ढोलवाले. मांडवाच्या बाहेर, उन्हात, आम्ही. पाड्यावरून आलेली पाचसहा माणसं, त्यांचे कुत्रे, आणि कोंबड्यांच्या टोपलीत मांजर घेऊन बसलेली एक म्हातारी.

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण धावत आला. कोऑर्डिनेटर. "वेलकम अंकल! आपण पेट पेरेंट ना?"

"मी काय?"

"म्हणजे हिचे पालक. बाबा."

"मी तात्या. बाबा कोण ते आमच्या आळीत कोणाला माहीत नाही."

टोपलीवाली म्हातारी फिसकन हसली. त्याने मांदेलीचं नाव विचारलं आणि तिला लगेच मँडी म्हणू लागला.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले. त्यांनी मांदेलीच्या घशावरून हलकेच बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हिला आत्ता आत घ्यायला हवं. अजून घशातच असेल तर तोंडातूनच काढता येईल."

"मॅडम, ट्रस्टी येईपर्यंत नाही," कोऑर्डिनेटर म्हणाला. "मनोर सोडलंय त्यांनी. ऑपरेशन रूमला फीत आहे."

मी वाकून बघितलं. खरंच होती. आतल्या दाराच्या दोन्ही मुठींना लाल रेशमी फीत बांधलेली, मधे फितीचंच फूल. दार एकच.

"मग काढा ती फीत," मी म्हणालो.

"अंकल, त्यांच्या हस्ते उद्घाटन आहे. त्यांनी पैसे दिलेत."

"त्यांनी पैसे फितीला दिलेत की कुत्र्यांना?"

त्याने मला थंड पाण्याची बाटली दिली. डॉक्टर खाली बघून म्हणाल्या, "काका, माझा आज पहिला दिवस आहे. गाडी येईलच इतक्यात."

इतक्यात. मनोर ते तलासरी, त्या तुंबलेल्या हायवेने. मी ते डोळ्यांनी बघून आलो होतो आणि तसं सांगितलंही. पण मी उन्हात बसलेला, मळकट लुगड्यात कुत्री धरलेला म्हातारा. माझ्या सांगण्याला काय किंमत?

आम्ही बसलो. टोपलीवाली म्हातारी म्हणाली, "आमची बकरी दोरीने बांधलेली असते, ती रोज सोडतो आम्ही. यांना एक फीत सुटत नाय?" सगळे हसले. कोऑर्डिनेटरही हसला, आणि मांडवात जाऊन खुर्च्या सरळ करू लागला.

मग ढोलवाल्यांनी हात साफ करायला सुरुवात केली. जनावरांच्या दवाखान्यात ढोल! हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? कुत्रे केकाटू लागले, टोपलीतलं मांजर उलटंपालटं झालं. मांदेलीने माझ्या हातातून अशी जोरात उडी घेतली की पट्टा ताणला, तंगूस ताणला, आणि तिच्या तोंडातून रक्त आलं. थोडं नाही. माझं धोतर लाल झालं.

मी उठलो ते थेट आत. लोकांना वाटलं मी फीत तोडणार. कोऑर्डिनेटर आडवा आला, "अंकल, कापू नका, प्लीज, कापू नका!"

"कापत नाही. सोडतो."

गाठ मांडववाल्याने मारलेली, आवळून. पण अशा गाठी सोडण्यातच जन्म गेला, तेही ओल्या दोरीच्या. फीत सुटली. डॉक्टर मांदेलीला उचलून आत गेल्या, कोणाला न विचारता. दार लागलं. आणि कोऑर्डिनेटर हात जोडून माझ्यापुढे उभा. "अंकल, परत बांधा ना. तशीच."

मी बांधली. तशीच, फुलासकट. मला आजही त्या गाठीचा राग येतो.

ट्रस्टी बाई आल्या त्या उन्हं कलायला लागल्यावर. साध्या होत्या, सुती साडी, पांढरे केस, गाडीत बसून अवघडलेल्या. ढोल वाजले. त्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि दार उघडलं तर आत दिव्याखाली पोट उघडलेली मांदेली आणि डॉक्टरांचे रक्ताचे हात. डॉक्टरांनी मान वरही केली नाही. कोऑर्डिनेटरने पटकन दार ओढलं आणि माइकवर सांगितलं, "आपला पहिला पेशंट! काम सुरू पण झालं!" अजून टाळ्या.

मग मला बोलावलं. पहिल्या पेशंटचे पेट पेरेंट, दोन शब्द. हातात माइक दिला. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथे लिहिलं तर सून पुसून टाकेल, माझं शुद्धलेखन तीच बघते. पण माझी कुत्री आत होती. तिचं पोट अजून शिवायचं होतं. ज्यांच्या हातात सुई आहे त्यांच्या दारात उभं राहून माणूस काय बोलणार? मी म्हणालो, "आभारी आहे." दोन शब्द मागितले होते, दोनच दिले. फोटो काढला.

बाई नंतर माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "आमचा शुगर, तो भिंतीवरचा, असाच गेला. काहीतरी गिळलं होतं. रविवार होता, कुठलाच दवाखाना उघडा नव्हता. म्हणून हे सगळं." त्यांचे डोळे भरले होते. खोटे नव्हते, तेवढं मला कळतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला थांबावं लागलं का?"

त्यांच्या मागे कोऑर्डिनेटर उभा होता, पांढरा पडलेला. दाराच्या काचेतून डॉक्टर दिसत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "लगेच घेतलं."

बाईंनी माझा हात दाबला आणि त्या गेल्या.

डॉक्टरांनी संध्याकाळी गळ माझ्या हातावर ठेवला. "जगेल," म्हणाल्या. मग जरा थांबून, हळूच, "ढोलाच्या वेळी झटका बसला ना, तेव्हा तंगूस तुटून गळ खाली पोटात गेला. म्हणून कापावं लागलं. सकाळी घेतलं असतं तर तोंडातूनच निघाला असता. माझं चुकलं, काका."

मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. रागवायला इतकी माणसं होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरत होता. बाईंनी तर थांबा म्हणून कोणाला सांगितलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या विचारत होत्या. न विचारता, न सांगता, आम्ही सगळे एका कापडाच्या पट्टीसमोर बसून राहिलो.

रात्री तलासरीतच राहिलो. नाक्याजवळचा लॉज स्वच्छ आहे, पंखा आवाज करतो. दुसऱ्या दिवशी परतीला ड्रायव्हरने टाके बघितले आणि कुत्रीचं भाडं घेतलं नाही. मी दिलं तरी घेईना.

आता मांदेली ओट्यावर पडून आहे. बायको तिला मऊ भात भरवते आणि मला गोळीची आठवण करते. तुमचं जनावर आजारी असेल तर तलासरीला जरूर न्या. डॉक्टर चांगल्या आहेत, औषधं चांगली आहेत, पैसा खरंच घेत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि माझा राग जराही कमी झालेला नाही.

टोपलीवालीच्या मांजराचं काय झालं ते मी विचारलंच नाही. फोटोच्या गडबडीत ती निघून गेली होती. समारंभ संपेपर्यंत बाकी कोणाला आत घेतलं नव्हतं, आणि तिला अंधार पडायच्या आत पाड्यावर पोचायचं होतं.

बाई, तुम्ही हे वाचाल असं नाही. पण तुम्ही विचारलं होतं, आणि विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. हो. थांबावं लागलं. तुमच्यासाठी.